सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरला व्होल्टेज कमी पडतंय? आधी कुठे पडतंय ते मोजा

रास्पबेरी पायसारखा सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर, म्हणजे एकाच सर्किट बोर्डवर मावणारा छोटा संगणक, मधूनच रीबूट होतो. यूएसबीला लावलेली डिस्क चालता चालता गायब होते. वाय-फाय तुटतं, एसडी कार्डावरची फाइल सिस्टिम खराब होते, कॅमेरा कधी सापडतो तर कधी नाही. अशा वेळी लोक एसडी कार्ड बदलतात, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकतात आणि शेवटी जास्त अँपिअरचा अडॅप्टर आणतात. त्यानंतरही त्रास तसाच राहतो, कारण अडॅप्टर बरेचदा निर्दोष असतो. व्होल्टेज अडॅप्टर आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेत हरवतं. म्हणून काहीही विकत घेण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या.

हिशेब एकाच आकड्याभोवती फिरतो. रास्पबेरी पायचा अधिकृत अडॅप्टर ५.१ व्होल्ट देतो आणि बोर्डवरचं सर्किट साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली इशारा देतं. भर लोडमध्ये पिनवर किमान ४.८ व्होल्ट राहावेत असं धरलं, तर वाटेत गमवायला आपल्याकडे फक्त ०.३ व्होल्ट उरतात. पाय ४ सारखा बोर्ड जोडलेल्या उपकरणांसह ३ अँपिअर घेत असेल, तर केबल, कनेक्टर, स्विच, फ्यूज या सगळ्यांचा मिळून रेझिस्टन्स ०.१ ओहमपेक्षा जास्त चालणार नाही. जायची वायर आणि यायची वायर दोन्ही त्यातच आल्या. हा ०.१ ओहम लक्षात ठेवा. पुढचं बरंचसं त्यावरूनच ठरतं.

आधी खात्री: खरंच व्होल्टेजचाच प्रश्न आहे का?

स्क्रीन जोडलेली असेल तर कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह दिसतं. स्क्रीन नसेल तर टर्मिनलमध्ये ‘व्हीसीजेनसीएमडी’ ही कमांड ‘गेट_थ्रॉटल्ड’ या पर्यायासह चालवा. दोन्ही रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान: vcgencmd get_throttled. उत्तर हेक्साडेसिमल आकड्यात येतं. ‘०एक्स०’ आलं तर बोर्ड सुरू झाल्यापासून तक्रार नाही. ‘०एक्स५००००’ म्हणजे मधे कधीतरी व्होल्टेज पडलं होतं, आत्ता ठीक आहे. ‘०एक्स५०००५’ म्हणजे आत्ताही पडलेलं आहे आणि प्रोसेसरचा वेग त्यामुळे उतरवला आहे.

संपूर्ण कोष्टक पाठ करायची गरज नाही. उजवीकडून पहिला अंक विषम असेल तर या क्षणी व्होल्टेज कमी आहे. उजवीकडून पाचवा अंक विषम असेल तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी ते कमी झालं होतं. बी, डी आणि एफ हेही विषमच धरायचे. अंक सम असेल पण शून्य नसेल, तर बहुधा तापमानाची भानगड असते. तिथे हीटसिंक आणि पंखा पाहा, अडॅप्टर नव्हे.

कर्नलच्या लॉगमध्येही ‘अंडरव्होल्टेज’ शब्दाची नोंद पडते, तिच्यासमोर वेळ असते. ती वेळ फार कामाची. सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) हलला तेव्हा, डिस्क फिरायला लागली तेव्हा, की बूट होताना, हे तिथून कळतं.

एक मर्यादा आहे. हे इशारा सर्किट रास्पबेरी पायच्या बी प्लस आणि त्यानंतरच्या मोठ्या बोर्डांवर असतं, झिरो मालिकेवर नसतं. झिरोवर उत्तर शून्य आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. ऑरेंज पाय, बनाना पाय यांसारख्या बहुतेक बोर्डांवरही असा इशारा मिळत नाही. तिथे मीटर हाच एक पुरावा.

पिनवर मोजणं

अडॅप्टरच्या टोकाशी मोजलेला आकडा बोर्डला काय मिळतंय ते सांगत नाही. मोजायचं ४० पिनांच्या हेडरवर, म्हणजे बोर्डच्या कडेला असलेल्या पिनांच्या दुहेरी रांगेवर. पिन २ आणि ४ वर ५ व्होल्ट असतात, पिन ६ ग्राउंड आहे. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा.

मीटरची टोकं थेट पिनांवर टेकवू नका. पिन २ च्या शेजारी पिन १ आहे आणि तिच्यावर ३.३ व्होल्ट असतात. टोक घसरून या दोन पिना जोडल्या गेल्या तर ५ व्होल्ट थेट ३.३ च्या लाइनवर जातात आणि बोर्ड मरतो, क्षणात आणि कायमचा. त्याऐवजी बोर्ड बंद असताना दोन फीमेल जंपर वायर पिन ४ आणि पिन ६ वर घाला आणि मीटर त्यांच्या दुसऱ्या टोकांना लावा. त्या दोन टोकांचाही एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. मीटरमधून करंट जवळपास जात नाही, त्यामुळे जंपर बारीक असला तरी आकडा खरा येतो.

आता दोन आकडे घ्या. पहिला बोर्ड निवांत असताना. दुसरा पूर्ण लोडवर: ‘स्ट्रेस-एनजी’ (stress-ng) या प्रोसेसरवर मुद्दाम भार टाकणाऱ्या प्रोग्रामने चारही कोर कामाला लावा, त्याच वेळी यूएसबी डिस्कवर मोठी फाइल कॉपी करा, वाय-फायवरून काहीतरी डाउनलोड सुरू ठेवा आणि प्रोजेक्टमधला कॅमेरा, मोटर, जे काही असेल ते चालू करा. अर्धवट लोडवर घेतलेला आकडा फसवतो.

निवांत असताना ५.० ते ५.२ आणि लोडवर ४.८ च्या वर असेल तर सप्लाय चांगला आहे. ४.७ च्या आसपास असेल तर आज चालेल, पण कनेक्टर जरा मळला किंवा एखादं उपकरण वाढलं की त्रास सुरू होईल. ४.६३ च्या खाली असेल तर इशारा येणारच. दुसऱ्या बाजूची सीमा ५.२५ ची. त्याच्या वर कधीही जाऊ नका, कारण हेच ५ व्होल्ट पुढे यूएसबी आणि एचडीएमआयला जातात.

निवांत आणि लोड या दोन आकड्यांत ०.४ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वाटेत रेझिस्टन्स जास्त आहे. दोन्ही आकडे सारखेच कमी असतील, समजा ४.७५ आणि ४.६८, तर अडॅप्टर मुळातच कमी व्होल्टेज देतोय. या दोन गोष्टींचे उपाय वेगळे आहेत. बहुतेक गोंधळ इथे होतो.

आणखी एक बारकावा. बोर्डवरचे रेग्युलेटर स्विचिंग प्रकारचे असतात आणि ते आत ठरावीक शक्ती पुरवतात. बाहेरून येणारं व्होल्टेज कमी झालं की तीच शक्ती मिळवायला ते जास्त करंट ओढतात. १० वॅटला ५.१ व्होल्टवर १.९६ अँपिअर लागतात, ४.६ वर २.१७. जास्त करंट म्हणजे केबलमध्ये आणखी घट. त्यामुळे सीमेवरचा सप्लाय हळूहळू न बिघडता एकदम कोसळतो.

साधा मीटर सेकंदातून दोन-तीनदाच आकडा बदलतो. काही मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसत नाही. मीटरला किमान-कमाल पकडण्याची सोय असेल तर ती वापरा. तीही सगळ्याच मीटरांत पुरेशी वेगवान नसते. मीटर ४.९५ दाखवतोय आणि लॉगमध्ये मात्र इशारे पडतायत, तर घसरण क्षणिक आहे आणि मोटर, मोडेम किंवा डिस्ककडे संशयाने पाहायला हवं. ऑसिलोस्कोप असेल तर एसी कपलिंग न ठेवता डीसीवर ठेवा आणि ४.७ व्होल्टला उतरत्या कडेवर ट्रिगर लावा.

मोजायच्या नादात बिघडवू नका

करंट मोजायला मीटर सिरीजमध्ये घातला की मीटरचा आतला रेझिस्टन्स, त्याचा फ्यूज आणि बारीक लीड यांची भर वाटेत पडते. नीट चालणारा बोर्डही मग इशारा देऊ लागतो. आयएनए२१९ हे करंट मोजणारं लोकप्रिय मॉड्युल तर याबाबतीत खास आहे: त्यावरचा शंट (करंट मोजण्यासाठी वाटेत घातलेला रेझिस्टर) ०.१ ओहमचा असतो. म्हणजे ३ अँपिअरला ०.३ व्होल्ट, आपली सगळी सवलत एकट्या मॉड्युलने खाल्ली. शंट बदलून ०.०१ ओहमचा लावा आणि कॅलिब्रेशन त्याप्रमाणे बदला, किंवा १२ व्होल्टवरून ५ व्होल्टवर उतरवणारा बक कन्व्हर्टर वापरत असाल तर मॉड्युल त्याच्या १२ व्होल्टच्या बाजूला ठेवा. यूएसबीत मधे अडकवायचे छोटे मीटरही काही प्रमाणात हेच करतात. तपास संपला की काढून ठेवा.

हरवलेले व्होल्ट शोधायचे कसे

वजाबाकीपेक्षा थेट मोजणं सोपं. मीटर २ व्होल्टच्या रेंजवर घ्या. बोर्ड लोडवर चालू असताना एक टोक अडॅप्टरच्या बाजूच्या ५ व्होल्टवर आणि दुसरं पिन ४ च्या जंपरवर ठेवा. जो आकडा दिसेल तो धन वायरीत हरवलेला. मग दोन्ही टोकं ग्राउंडवर: एक अडॅप्टरकडचं, एक पिन ६ चं. हा ऋण वायरीत हरवलेला. अडॅप्टरच्या बाजूला हात पोचायला यूएसबीचा ब्रेकआउट बोर्ड (आतल्या वायरी मोजण्यासाठी बाहेर काढून देणारा छोटा बोर्ड) मधे लावा. अडॅप्टर आणि केबल यांच्या सांध्यावर.

समजा पाय ४ आणि पोर्टेबल डिस्क मिळून २.२ अँपिअर घेतायत. अडॅप्टरकडे ५.०८, पिनवर ४.५६. धन वायरीत ०.२४, ऋण वायरीत ०.२८, एकूण ०.५२ व्होल्ट. भागाकार केला की ०.२४ ओहम, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. अडॅप्टर निर्दोष, केबल दोषी. दोन्ही वायरींत घट जवळपास सारखी असेल तर वायर बारीक आहे. एकाच वायरीत मोठी घट असेल तर त्या बाजूचा एखादा सांधा खराब: सैल स्क्रू, सोल्डरचा कच्चा डाग, काळवंडलेली पिन. वाटेत स्विच किंवा फ्यूज असेल तर त्याच्या दोन टोकांवर मीटर धरा. चांगल्या स्विचवर ३ अँपिअरला ०.०५ व्होल्टही दिसू नयेत.

केबल

तांब्याच्या २८ गेज वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.२१ ओहम, २४ गेजचा ०.०८४, २२ गेजचा ०.०५३, २० गेजचा ०.०३३ आणि १८ गेजचा ०.०२१. गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड. एक मीटर केबलमध्ये करंट जाऊन परत येतो, म्हणून दुप्पट धरायचं.

मोबाईलसोबत येणाऱ्या कितीतरी केबलींत पॉवरच्या वायरीही २८ गेजच्या असतात. एक मीटरच्या अशा केबलीत २.५ अँपिअरला एक व्होल्टहून जास्त पडतो. फोनला फरक पडत नाही, तो करंट कमी करून सावकाश चार्ज होतो. बोर्डला ती सवलत नाही. २४ गेजची केबल ०.४२ व्होल्ट खाते, २० गेजची ०.१७. रास्पबेरी पायच्या १५ वॅटच्या अडॅप्टरला दीड मीटरची १८ गेजची केबल कायमची जोडलेली असते ती उगाच नाही: ३ अँपिअरला तिच्यात फक्त ०.१९ व्होल्ट जातात आणि अडॅप्टरकडचा कनेक्टरही वाचतो.

केबलच्या आवरणावर बारीक अक्षरांत गेज छापलेलं असतं. ‘२८/२४’ असं असेल तर पहिला आकडा डेटाच्या वायरींचा, दुसरा पॉवरचा. काहीच छापलेलं नसेल तर बारीक धरा. जाडीवर जाऊ नका, जाड आवरणात केसासारख्या वायरी भरलेल्या केबली भरपूर मिळतात. ३ अँपिअरसाठी लांबी ५० सेंटिमीटर असेल तर २२ गेज चालेल, एक मीटरला २० गेज किंवा त्याहून जाड हवी. ऑन-ऑफ बटण असलेल्या स्वस्त केबली सरळ टाळा. बटणाचे कॉन्टॅक्ट काही महिन्यांत काळवंडतात आणि तोच भाग सगळ्यात आधी दगा देतो.

मायक्रो यूएसबी कनेक्टरची मूळ रेटिंग १.८ अँपिअरची. पाय ३ बी प्लसला २.५ अँपिअरचा अडॅप्टर सुचवलेला आहे, म्हणजे कनेक्टर मुळातच ताणावर असतो. प्लग हलवला आणि आकडा ०.१ व्होल्टने उडाला, तर सॉकेट सैल झालंय. ब्लोअरने धूळ उडवा, दुसरी केबल लावून पाहा. फरक नसेल तर सॉकेट बदलावं लागेल.

हेडरमधून पॉवर देताना डुपॉन्ट जंपर (पिनांवर घालायची तयार जंपर वायर) हा घात आहे. त्या वायरी बहुधा २६ ते २८ गेजच्या आणि टोकाची क्रिंप (वायरीवर दाबून बसवलेला धातूचा सांधा) कशीबशी केलेली. ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांतून एक अँपिअरपेक्षा जास्त नेऊ नका. हेडरला पॉवर द्यायचीच असेल तर २० गेजच्या वायरी, ५ व्होल्टच्या दोन्ही पिना आणि ग्राउंडच्या निदान दोन पिना वापरा, सांधे नीट क्रिंप करा किंवा डाग द्या. या मार्गात बोर्डवरचं इनपुट संरक्षण वगळलं जातं, याचं भान ठेवा: उलटी जोडणी किंवा जास्त व्होल्टेज थेट आत जाईल.

अडॅप्टरची परीक्षा

संशय अडॅप्टरवर असेल तर बोर्ड बाजूला ठेवून त्याला ठरावीक लोड द्या. ४.७ ओहम, १० वॅटचे तीन सिरॅमिक रेझिस्टर घ्या. एक लावला की साधारण १.१ अँपिअर, दोन समांतर लावले की २.१, तिन्ही लावले की ३.२. प्रत्येकात पाच वॅटच्या वर उष्णता होते, हात लावू नका, टाइलवर ठेवा. प्रत्येक पायरीला पंधरा मिनिटं द्या, कारण कमअस्सल अडॅप्टर थंड असताना ठीक वागतो आणि तापला की खाली येतो. तीन अँपिअर लिहिलेला अडॅप्टर दोन रेझिस्टरवरच ४.८ च्या खाली गेला तर लेबलवर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही. तीन लावल्यावर तो बंद झाला तर मात्र दोष देऊ नका, ३.२ हे त्याच्या मर्यादेच्या वर आहे.

टाइप-सी अडॅप्टर असा थेट लोड लावून चालू होत नाही. समोर उपकरण आहे हे कळायला टाइप-सी सॉकेटच्या सीसी१ आणि सीसी२ या दोन्ही पिनांवरून ग्राउंडला प्रत्येकी ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर लागतो. पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत हे दोन पिन एकत्र जोडून एकच रेझिस्टर दिला होता. त्यामुळे ई-मार्क चिप (केबलची क्षमता सांगणारी चिप) असलेल्या केबलीवर अडॅप्टरची गल्लत होऊन तो पॉवरच देत नसे. १.२ आवृत्तीपासून ते सुधारलं. जुना बोर्ड आणि महागडी केबल एकत्र आले आणि काहीच चालू होत नसेल, तर साधी केबल लावून पाहा.

पाय ५ चा घोळ वेगळा. त्याला ५.१ व्होल्टवर ५ अँपिअर हवेत. हातात ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर असला की वाटतं भरपूर झालं. पण असे चार्जर जास्त वॅट ९, १५, २० व्होल्टवर देतात, ५ व्होल्टवर त्यांची धाव ३ अँपिअरपर्यंतच. बोर्डला ५ अँपिअरची हमी मिळाली नाही की तो यूएसबी पोर्टांचा एकूण करंट ६०० मिलिअँपिअरवर बांधून ठेवतो. योग्य अडॅप्टरवर तो १.६ अँपिअर असतो. म्हणून डिस्क चालत नाही, आणि त्याचा व्होल्टेजशी संबंध नसतो. ही मर्यादा कॉन्फिग.टीएक्सटी (config.txt) या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘यूएसबी_मॅक्स_करंट_एनेबल’ (usb_max_current_enable) ला १ देऊन उठवता येते. मात्र सप्लाय खरोखर ५ अँपिअरचा असेल तरच. ३ अँपिअरच्या चार्जरवर हे केलंत तर एक तक्रार जाऊन दुसरी येईल. पाय ५ वर व्हीसीजेनसीएमडीच्या ‘पीएमआयसी_रीड_एडीसी’ (pmic_read_adc) पर्यायाने आत येणारं ५ व्होल्ट नेमकं किती आहे ते बोर्ड स्वतःच सांगतो, ही मोठी सोय.

दुसऱ्या बोर्डांवर सॉकेट तपासून घ्या. जुन्या ऑरेंज पाय पीसीला मायक्रो यूएसबी असलं तरी त्यातून बोर्ड चालत नाही, त्याला ४ मिलिमीटर बाहेरचा आणि १.७ आतला बॅरल जॅक लागतो. जेटसन नॅनोच्या जुन्या डेव्हलपर किटवर बॅरल जॅकमधून ४ अँपिअर घ्यायचे तर जे४८ हा जंपर बसवावा लागतो. तो नसेल तर बोर्ड मायक्रो यूएसबीकडेच बघत राहतो.

भार कमी करा, किंवा वेगळा करा

पाय ४ वर चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअर मिळतात. अडीच इंची फिरती डिस्क सुरू होताना एकटी अँपिअरच्या जवळ जाते. दोन डिस्का म्हणजे स्वतःची पॉवर असलेला हब हवाच. हब निवडताना एक चाचणी करा: बोर्डचा अडॅप्टर काढा, हब चालू ठेवा. बोर्डवरचा लाल दिवा मंद का होईना लागला, तर हब उलट्या दिशेने बोर्डला ५ व्होल्ट पाठवतोय. असा बोर्ड धड बंदही होत नाही आणि रीसेटही. हब बदला. तेच जमत नसेल तर बोर्डकडे जाणाऱ्या प्लगच्या ५ व्होल्टच्या, कडेच्या पिनवर कॅप्टॉन टेपची (करंट अडवणाऱ्या पातळ टेपची) बारीक पट्टी लावा. काही हब मात्र ती पिन पाहूनच चालू होतात.

सर्व्होला बोर्डच्या पिनांवरून पॉवर देऊ नका. नऊ ग्रॅमचा छोटा सर्व्होही अडकला की अर्ध्या अँपिअरच्या वर ओढतो, मोठे मेटल गिअरचे सर्व्हो अडीच अँपिअरपर्यंत जातात. त्यांना वेगळा ५ किंवा ६ व्होल्टचा सप्लाय द्या आणि दोन्ही सप्लायचे ग्राउंड जोडा. ग्राउंड जोडायचं राहिलं तर सर्व्हो थरथरत राहतो आणि लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. हा जोड मुख्य सप्लायपाशी, एकाच ठिकाणी घ्या. मोटरचा करंट बोर्डच्या ग्राउंड वायरीतून परतला तर बोर्डचं ग्राउंडच वर उचललं जातं.

डब्ल्यूएस२८१२बी एलईडीच्या पट्टीत पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येक दिव्याला सुमारे ६० मिलिअँपिअर लागतात. साठ दिवे म्हणजे ३.६ अँपिअर. लाल किंवा निळ्यावर सगळं सुरळीत आणि पांढऱ्यावर रीबूट होत असेल, तर आणखी निदान करायची गरज नाही. पट्टीला स्वतंत्र सप्लाय द्या, लांब असेल तर दोन्ही टोकांना.

कॅपॅसिटर लावला की झालं?

झालं नाही. हा सल्ला सर्रास दिला जातो म्हणून हिशेब मांडू. १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर एकट्याने १ अँपिअर पुरवू लागला की त्याचं व्होल्टेज दर मिलिसेकंदाला १ व्होल्टने उतरतं. आपल्याकडे पाव व्होल्टची मुभा असेल तर तो पाव मिलिसेकंद टिकला. डिस्क फिरायला एक-दोन सेकंद लागतात. तिथे तो काही कामाचा नाही.

जिथे करंटचे झटके खरोखर छोटे असतात तिथे तो उपयोगी. जीएसएम मोडेम २ अँपिअरचा झटका ०.५८ मिलिसेकंद घेतो. तिथे १००० ते २२०० मायक्रोफॅरडचा, १० व्होल्टचा, कमी ईएसआरचा (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कॅपॅसिटर अगदी मोडेमच्या पिनांजवळ लावला की अडॅप्टरवरचा भार हलका होतो. दहा सेंटिमीटर लांब बारीक वायरीवर टांगलेला कॅपॅसिटर मात्र नसल्यासारखाच. एलईडी पट्टीच्या सुरुवातीलाही तो लावावा. दिशा उलटी झाली तर कॅपॅसिटर फुटतो, त्याच्या अंगावर पट्टा छापलेली बाजू ग्राउंडला.

लांबवर पॉवर न्यायची असेल

५ व्होल्ट लांब नेऊ नका. पाच मीटरवर १८ गेजच्या वायरीनेही ३ अँपिअरला ०.६३ व्होल्ट जातात. १२ व्होल्ट न्या आणि बोर्डच्या शेजारी बक कन्व्हर्टर लावा. तीच शक्ती १२ व्होल्टवर दीड-पावणेदोन अँपिअरमध्ये जाते, वायरीत ०.३५ व्होल्ट पडले तरी कन्व्हर्टरला फरक पडत नाही. फ्यूजही १२ व्होल्टच्या बाजूलाच घाला, २ अँपिअरचा.

एलएम२५९६ चिपचं बक मॉड्युल ३ अँपिअरचं म्हणून विकलं जातं. १२ वरून ५ व्होल्टला ३ अँपिअर देताना त्याची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पावणेचार वॅट त्या नखाएवढ्या तुकड्यावर उष्णता बनून जमतात. हीटसिंकशिवाय त्याला दोन अँपिअरचं धरा. पाय ४ साठी ५ अँपिअरचं सिंक्रोनस मॉड्युल घ्या. ७८०५ या लिनिअर रेग्युलेटरचा विचार सोडून द्या, १२ व्होल्टवरून एक अँपिअर घेतला तरी तो ७ वॅट जाळतो.

क्रम चुकवू नका: मॉड्युलला आधी १२ व्होल्ट द्या, बोर्ड न जोडता आउटपुट मोजा, ५.१० वर आणा, बंद करा, मगच बोर्ड जोडा. नवीन मॉड्युल कितीवर सेट केलेलं येईल याचा भरवसा नसतो. पोटेन्शिओमीटर अनेक फेऱ्यांचा असतो, पहिल्या काही फेऱ्यांत आकडा हलला नाही म्हणून घाबरू नका. सेटिंग झालं की त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाका. कन्व्हर्टरची चिप शॉर्ट झाली तर १२ व्होल्ट बोर्डवर येतील, म्हणून आउटपुटच्या धन आणि ऋण टोकांमध्ये ५ व्होल्टचा टीव्हीएस डायोड (जास्तीचं व्होल्टेज रोखणारा) लावणं शहाणपणाचं.

बॅटरी

१०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक हा आकडा ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो: ३७ वॅट-तास. कन्व्हर्टरचं नुकसान वजा जाता ३१ उरतात. ५ वॅटच्या बोर्डला ते सहा तासांच्या आसपास पुरतील. पुष्कळ पॉवर बँका चार्जर लावताना किंवा काढताना क्षणभर आउटपुट तोडतात आणि करंट फार कमी झाला तर स्वतःच बंद होतात; झिरोसारख्या बोर्डाला दुसरा त्रास हमखास होतो.

एका १८६५० सेलवर (गोल लिथियम-आयन सेल) पाय ४ चालवायचा बेत असेल तर उलटा हिशेब करा. आउटपुटला १५ वॅट, कार्यक्षमता ९० टक्के, सेल ३.३ व्होल्टवर उतरलेला: सेलमधून ५ अँपिअर ओढले जातायत. टीपी४०५६ चिपच्या छोट्या चार्जिंग बोर्डवरचं संरक्षण त्याआधीच तोडतं आणि तो चार्जही जास्तीत जास्त १ अँपिअरने करतो. बूस्ट मॉड्युलवर (सेलचं व्होल्टेज ५ पर्यंत चढवणाऱ्या) छापलेला करंट बरेचदा आउटपुटचा नसतो, चिपच्या आतल्या स्विचचा असतो. दोन-तीन सेल समांतर घ्या, किंवा सिरीजमध्ये लावून बक कन्व्हर्टरने खाली आणा. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा, पण त्याला सिरीजसाठीचा संरक्षण बोर्ड आणि त्याला साजेसा चार्जर लागतो.

इशारा बंद करण्याबद्दल

कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये ‘अव्हॉइड_वॉर्निंग्स’ (avoid_warnings) ला १ दिलं की स्क्रीनवरची वीज जाते. व्होल्टेज तेवढंच राहतं. २ दिलं तर व्होल्टेज कमी असतानाही प्रोसेसर पूर्ण वेगाने धावतो, म्हणजे बोर्ड स्वतःला सांभाळण्यासाठी जे करत होता तेही थांबतं. प्रदर्शनाच्या दिवशी स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून पहिला पर्याय एकवेळ समजू शकतो, दुसरा नाही. खरोखर भार उतरवायचा असेल तर वाय-फाय आणि ब्लूटूथ नको असल्यास त्याच फाइलमध्ये ओव्हरले (हार्डवेअरची सेटिंग बदलणारी ओळ) लावून बंद करा किंवा प्रोसेसरचा कमाल वेग कमी करा. इतकं करूनही बोर्डवर साधारण काही शे मिलिअँपिअरच वाचतात. खराब केबलची भरपाई त्यातून होत नाही.

सगळं तपासूनही आकडा कमीच

यूएसबी सॉकेटमध्ये ५ व्होल्ट नीट येतायत, पण पिन ४ वर कमी आहेत, असं आढळलं तर दोष बोर्डवर आहे. पाय २ आणि ३ सारख्या बोर्डांवर सॉकेटनंतर पॉलिफ्यूज (थंड झाल्यावर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) असतो. कधी शॉर्ट झालं असेल तर तो ट्रिप होतो आणि थंड झाल्यावरही त्याचा रेझिस्टन्स लगेच मूळ पातळीवर येत नाही. बोर्ड दोन-तीन दिवस बंद ठेवून पुन्हा मोजा. लोडवर त्याच्या दोन टोकांत ०.२ व्होल्टहून जास्त दिसत राहिले तर मूळच्याच रेटिंगचा आणि त्याच मापाचा नवा पॉलिफ्यूज बसवा. त्या जागी वायरीचा तुकडा डागू नका.

दुरुस्ती झाल्यावर बोर्ड रीबूट करा, कारण ‘मधे कधीतरी पडलं होतं’ ही नोंद रीबूट केल्यावर पुसली जाते. मग प्रोजेक्ट नेहमीच्या कामावर एक पूर्ण दिवस चालवा, त्यात डिस्क सुरू होणं, मोटर अडकणं, सगळे दिवे पांढरे होणं हे प्रसंग मुद्दाम घडवून आणा आणि दुसऱ्या दिवशी तीच कमांड पुन्हा द्या. उजवीकडून पहिला आणि पाचवा, यांपैकी एकही अंक विषम नसेल तर सप्लायचं काम झालं. त्यानंतरही बोर्ड रीबूट होत असेल तर मोर्चा तापमानाकडे किंवा एसडी कार्डाकडे वळवा.